श्रावणात एक खाडा नको

१० जून २००२, सोमवार
आज मी परळीला आहे. म्हणजे मेसमध्ये तसं सांगितलंय. खरं तर लातूरलाच रेल्वे लाईनीच्या पलीकडं आमच्या पत्र्याच्या खोलीत कोपऱ्यात बसलेय. कावळा शिवलाय. चार दिवस कशाला हात लावायचा नाही. ही डायरी पुनमच्या क्लासवाल्यांनी दिली. फुकट म्हणे. फी बघितली की कळतं फुकट किती ते. हिला हात लावला तर चालतं, मी ठरवलंय.
पानावर वर छापलंय 'आजचं टार्गेट'. खाली सुविचार. आजचा: 'स्वप्न बघू नका, टाइमटेबल बघा.' पुनम म्हणली, आई, टॉपर लोक रोज टार्गेट लिहितात. म्हणलं मी बी लिहिते. चौथी पास आहे, अक्षर बरं आहे.
टार्गेट: कोठीची किल्ली.

११ जून
बसून बसून बूड दुखलं. नीट लिहून ठेवते.
नागम्माची मेस. मेसला येणाऱ्या साठ पोरी, साठींनाही डॉक्टर व्हायचंय. गावात दुसरं कुणी काही होतच नाही आजकाल. स्वयंपाकाला आम्ही दोघी. मी अन केवळाबाई. कोठी सांभाळणारी म्हातारी पुण्याला लेकाकडं गेली. आता किल्ली आमच्यातल्या एकीला. जिला किल्ली तिला मागची खोली. त्या खोलीत नळ आहे अन इन्व्हर्टरची लाईन आहे. इथं लाईट गेली की माझी पोरगी मेणबत्तीपाशी बेडूक पाठ करती. ती खोली पुनमला मिळालीच पाहिजे. विषय संपला.
अडचण एकच. महिन्याला माझे चार दिवस जातात. नागम्मा लई सोवळी. पहाटे आंघोळ, कपाळभर भस्म, हातात लिंग घेऊन पूजा केल्याशिवाय पाणी पीत नाही. अशा बाईच्या चुलीपाशी तसलं घेऊन कसं जाणार? विचारायची गरजच नाही. कपाळावरच लिहिलंय. म्हणून मी यात्रेला जाते. एकदा तुळजापूर, एकदा अंबाजोगाई, एकदा माहूर. येताना गंजगोलाईतून साखरफुटाणे घेऊन प्रसाद म्हणून वाटते.
केवळाबाईचा एक खाडा नाही. तिची गेली असणार. माझ्याहून दोनच वर्षं मोठी, पण नशीब बघा.

१४ जून, शुक्रवार
कामावर गेले. प्रसाद दिला. नागम्मानं फुटाणा तोंडात टाकला अन म्हणली, प्रयागबाई, सगळ्या देवांच्या फुटाण्याची चव एकच कशी गं? म्हणलं देव एकच आहे अव्वा. तिनं अजून एक फुटाणा उचलला. मी हुशार आहे, हे मला माहीतच होतं.
पण पुढं म्हणली, तुझा हात चांगला, पण दर महिन्याला तुझी यात्रा. कोठीवाली अशी फिरती चालत नाही. श्रावण संपेपर्यंत बघते. ज्या बाईचा श्रावणात एक खाडा पडणार नाही, तिला किल्ली.
दुपारी डोक्यात ट्यूब पेटली. आमच्याकडं महालक्ष्म्या बसायच्या असल्या की बायका गोळी घेऊन तारीख पुढं ढकलतात. चार दिवस ढकलता येते तर चार महिने का नाही?

त्याच दिवशी, रात्री
पुनमला विचारलं. ती पुस्तकात तोंड घालून म्हणली, आई, हे आमच्या सिलॅबसमध्ये आहे, पण तुझ्याशी बोलायला नाही. लई खोदल्यावर सांगितलं. सरकारी पाकिटात पांढऱ्या गोळ्या असतात अन शेवटी आठवडाभराच्या तपकिरी. तपकिरी नुसत्या लोहाच्या. त्या चालू असताना येते. तपकिरी सोडून लगेच नवं पाकीट लावलं तर येत नाही. पण आधी डॉक्टरला विचार, म्हणली.
पोरगी अजून डॉक्टर झाली नाही तर ही अवस्था. सारखं डॉक्टरला विचार.

१५ जून
दवाखान्यात शहजादी सिस्टरकडं गेले. ती विचारती, मालक कुठं असतात? म्हणलं कंधारकडं, शेती बघतात. मग गोळ्या कशाला? म्हणलं येतात ना. कितीदा? आता आली का पंचाईत. म्हणलं, लई वेळा. सिस्टरनं चष्म्यावरून बघितलं. म्हणली, माशाल्ला.
वैजनाथ संक्रांतीला आला होता. तीळगूळ खाऊन बसनं गेला.
सिस्टरनं बीपी बघितलं. थोडं काठावर आहे म्हणली, महिन्याला येऊन दाखवायचं, ह्या वयात ह्या गोळ्या सांभाळून. डोकं दुखलं, पाय सुजला, तर बंद. हो हो म्हणलं. रांगेत मागून बाया ढकलून राहिल्या होत्या. तीन पाकिटं पदरात बांधून आले.
आजपासून माझ्या अंगाची तारीख मी ठरवणार.

२० जून
मळमळ. फोडणीचा वास सहन होत नाही. स्वयंपाकिणीला फोडणी सहन होत नाही म्हणजे न्हाव्याला केस सहन होत नाहीत तसं. पण हे गोळीचं नाही. तेल भेसळीचं आलंय.

२ जुलै, मंगळवार
पाकीट दिवसभर मेसमध्ये हळदीच्या डब्यात ठेवते, रात्री कमरेला खोचून आणते. घरी ठेवलं तर पुनम मोजती. हळद रोज मीच काढते, कुणाला पत्ता नाही. गोळ्या पिवळ्या झाल्यात. हळद औषधीच असती, फायदाच.
आजचा सुविचार: 'अपयश म्हणजे तयारीचा अभाव.' अगदी बरोबर. केवळाबाईनं वाचायला पाहिजे. तिला वाचता येत नाही म्हणा.

६ जुलै
दुसरं पाकीट लावलं. तपकिरी गोळ्या मेसच्या मागच्या कढीपत्त्याला घातल्या. लोह वाया कशाला घालवायचं.

१४ जुलै, रविवार
तारीख आली अन गेली. काही नाही! कोरडी ठणठणीत! सकाळी पोळ्या लाटताना गाणं म्हणून राहिले होते. केवळाबाई म्हणली, काय गं, यंदा यात्रा नाही? म्हणलं, देवाला म्हणलं आता तूच ये. पोरी हसल्या. आयुष्यभर बाईजात उगंच कोपऱ्यात बसली. एवढं सोपं होतं. मी शोध लावलाय, पण सांगायचं कुणाला.

१८ जुलै
डोकं ठणकतं. पोलकं दंडाला बसत नाही. हे मेसच्या पत्र्यामुळं. नागम्मा स्लॅब घालू देत नाही. किल्लारीकडची बाई, भूकंपात घर अंगावर आलं होतं, तेव्हापासून डोक्यावर पत्राच पाहिजे म्हणती. खाली आम्ही भाजतो. उकाड्यानं माणूस फुगतं.

२९ जुलै, सोमवार
सिस्टरकडं गेले. बीपी वाढलंय म्हणली. गोळ्या देणार नाही, मोठ्या डॉक्टरला दाखव, चिठ्ठी देते. तिचं मशीनच जुनं आहे, फुगा फुसफुस करत होता. चिठ्ठी घेतली अन चुलीत घातली. पुढचं पाकीट मेडिकलमधून घेतलं. मेडिकलवाला पोरगा माझ्याकडं बघून हसला. म्हणलं, सुनेला पाहिजे. मला सून नाही. पोरगा बी नाही.

९ ऑगस्ट, शुक्रवार
श्रावण लागला. मैदान सुरू. टार्गेट: एक खाडा नाही. केवळाबाईला आज सर्दी झाली. मी आनंद दाखवला नाही. सुंठ दिली.

१२ ऑगस्ट, पहिला सोमवार
झालं वाटोळं.
पहाटे डाग. पूर्ण नाही, नुसता डाग. हे काय नाटक? गोळी चुकली नाही, हळदीसकट गिळली. पुनमला उठवलं. ती डोळे न उघडता म्हणली, सलग घेतलं की मधी असं होतंच, पुस्तकात आहे. मग आधी का नाही सांगितलं? म्हणली, सांगितलं होतं, तू फोडणीच्या तेलाला शिव्या देत होतीस.
डाग म्हणजे आलेली धरायची का नाही? पुस्तकात ते नाही. पण नागम्माचा सोमवार, सगळ्या मेसचा उपास, खिचडी, भगर. मी पापाची धनी कशाला होऊ? निरोप पाठवला, भोकरची आत्या वारली.
आज दोन गोळ्या घेतल्या. डबल रिव्हिजन.

१४ ऑगस्ट, बुधवार
डाग थांबला. काल नागपंचमी पण घरातच गेली. आज कामावर. नागम्मा जवळ घेऊन म्हणली, मयताला जाऊन आलीस, दमली असशील. हा खाडा मी धरत नाही.
बघा. माझ्यावर जीव आहे. किल्ली माझीच.

१९ ऑगस्ट, दुसरा सोमवार
ओकले. कोथिंबीर निवडता निवडता, कोथिंबिरीतच. दोन गोळ्यांचं म्हणावं तर आता एकच घेते. घरी येऊन पडले, आता दोन दिवस उठवणार नाही. निरोप पाठवला, आत्याचं दिवसकार्य.

२१ ऑगस्ट, बुधवार
केवळाबाईनं एकटीनं साठ ताटं काढली. थकली नाही. ह्या बाईला ना पाळी ना कंबर. मी म्हणलं, केवळाबाई, तुम्ही सुटलात बाई. ती म्हणली, कशातून? म्हणलं, कळतं मला. ती माझ्याकडं बघत राहिली. पाळी गेली की बाई जरा मंद होती, असं ऐकलंय.

२२ ऑगस्ट, राखीपुनव
परत डाग. मी देवालाच विचारते, तुझं माझं काय वाकडं? गोळी सरकारी, मी इमानदार, मग अडतं कुठं?
निरोप पाठवला, आत्या वारली. पाठवल्यावर आठवलं, ती वारलेलीच आहे.

२४ ऑगस्ट, शनिवार
नागम्मा म्हणली, ही तुझी आत्या किती वेळा मरती गं? म्हणलं, ही धाकटी. दोघी बहिणी एकमेकींवाचून राहूच शकत नव्हत्या. मेसमधल्या दोन पोरींचे डोळे भरून आले. नागम्माचे नाही.

२७ ऑगस्ट, मंगळवार
केवळाबाईला हळदीत पाकीट सापडलं. माझा उपास होता म्हणून भाजी तिनं टाकली, तिथं घात झाला. पाकीट नाकापाशी धरून कढीपत्त्याखाली मला म्हणली, प्रयागे, ह्या वयात? अन मालक तर गावाकडं! तोंडाला पदर लावून हसती. मी म्हणलं, माझं मी बघीन. आता खरं सांगितलं तर ती नागम्माला सांगणार की ही विटाळ लपवती. त्यापेक्षा छिनाल म्हणली तरी चालंल. छिनाल बाईला खोली मिळती. विटाळशीला नाही.
विचार पक्का आहे माझा.

१ सप्टेंबर, रविवार
मेसमध्ये कुजबुज आहे. दूधवाला माझ्याशी जास्त बोलून राहिला. त्याला वाटतंय की काय. त्याला दात तरी आहेत का.
केवळाबाईचं माहेर कंधारजवळ. काल तिचा भाऊ येऊन गेला. असू दे.

५ सप्टेंबर, गुरुवार
सगळं लिहूनच ठेवते.
दुपारी बाराला वैजनाथ आला. पोळा उद्यावर, अन हा माणूस बैल सोडून आला. तेव्हाच ओळखलं, प्रकरण मोठं आहे. काखेत मुगाच्या शेंगांची पिशवी. पोरी जेवून राहिलेल्या. नागम्मा वाढायला उभी. हा दारातूनच वरडला, मी तिकडं अन तू इकडं, मग गोळ्या कुणासाठी? साठ ताटं थांबली. एकीचा घास हातातच राहिला. माझी पुनम ताटावरून उठून हात न धुता पळाली.
मला एकदम संताप आला. तीन महिने ओकले, फुगले, आत्या मारली दोनदा, अन वर हा येऊन मला शिकवणार? म्हणलं, ओरडू नको, माणसा. पाळी येऊ नये म्हणून घेते. कुणासाठी म्हणतोस तर किल्लीसाठी घेते! चार दिवस चुलीपाशी जाता येत नाही, नागम्माला चालत नाही, अन मला ती खोली पाहिजे, तुझ्या पोरीला लाईट पाहिजे, म्हणून घेते! तू संक्रांतीला येतोस अन गूळ खाऊन जातोस, तुझ्यासाठी कशाला घेऊ गोळ्या, तुझ्यासाठी तर बडीशेप पुरती.
साठ पोरी हसल्या. एक चष्मेवाली उठून सांगू लागली की काकू सलग घेतली की अस्तर पातळ होतं. तिला म्हणलं, बस खाली, वरण गार होतंय.
वैजनाथ भिंतीला टेकून बसला. त्याला बरं वाटलं का वाईट, कळलं नाही. दोन्ही दिसत होतं.
अन नागम्मा. ती पळीसकट खाली बसली अन हसायला लागली. डोळ्याला पदर. म्हणली, कुणी सांगितलं गं तुला मला चालत नाही म्हणून? आमच्या लिंगायतांत विटाळ नसतोच. गळ्यात लिंग आहे ना, त्याच्यापुढं कसली शिवाशिव? माझी मी कधी बाजूला बसले नाही, सुनेला बसवलं नाही. म्हणली, भूकंपानंतर शेडमध्ये एक चूल अन तीनशे माणसं. त्यातल्या कितीक बायांची तशी वेळ असंल. बाजूला बसल्या असत्या तर लोकांनी माती खाल्ली असती. मग म्हणली, अगं, एकदा विचारायचं तरी.
मी केवळाबाईकडं बघितलं. ती म्हणली, मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. मला वाटलं तुला माहीत आहे. म्हणलं, म्हणजे तुमची गेली नाही? म्हणली, जाती कुठं, परवाच येऊन गेली. तेव्हाच तर पुरणपोळ्या केल्या. दोन तू खाल्ल्यास.
हो. चांगल्या होत्या.

६ सप्टेंबर, पोळा
वैजनाथ पहाटेच्या बसनं बैलांकडं गेला. जाताना म्हणला, शेंगा उकडून खा. अन थांबून म्हणला, दिवाळीला येऊ का? म्हणलं, ये. बडीशेप आहे.
पाकीट फेकलं. कढीपत्त्याला बी नाही घातलं, त्याला बिचाऱ्याला कशाला.
पुनम बोलत नाही. मेसच्या पोरी तिला म्हणतात, तुझी आई लई भारी. ती म्हणती, तुम्ही घेऊन जा.

७ सप्टेंबर, शनिवार
श्रावण संपला. नागम्मानं किल्ली केवळाबाईला दिली. म्हणली, प्रयागबाई, तुझा हात तिच्याहून चांगला. पण श्रावणात किती दिवस आलीस, तूच सांग. खाडे पाळीचे नाहीत, पाळी टाळायचे आहेत. मी सांगितलं नाही. ती म्हणली ते खरं होतं म्हणून नाही. तोंडात शेंग होती.
खोली केवळाबाईला. पण ती म्हणली, मला एकटीला रात्री भ्या वाटतं, पुनमला अभ्यासाला तिथंच झोपू दे. पोरगी लगेच गादी घेऊन गेली. माझ्याशी तीन दिवस बोलली नव्हती, अन जाताना म्हणली, आई, तू पण ये ना. म्हणलं, मला काय गरज? मला अंधारात झोप चांगली लागती.
नागम्मा म्हणली, इतक्या वेळा खोटी यात्रा केलीस, आता एकदा खरी कर. उद्या जीप सांगितली आहे, सगळ्या परळीला. वैजनाथाचं दर्शन. म्हणलं, एक वैजनाथ आत्ताच बघितला. तरी नवं लुगडं काढून ठेवलंय.

८ सप्टेंबर, रविवार, सकाळ
आली.
आता आली. नवं लुगडं नेसून दारात उभी, अन आली. तीन महिन्यांचं सगळं एकदम वसूल करायला आल्यासारखी आली.
नागम्मा म्हणली, बस जीपमध्ये, देवाला काही होत नाही. पण मला नाही जमलं. चूल एक वेळ ठीक, पण देव. एकदम सगळं कसं सोडायचं? म्हणलं, मी थांबते, पोरींचं जेवण कोण करणार. केवळाबाईनं जीपमध्ये बसता बसता कमरेची किल्ली सोडली अन माझ्या हातात दिली. म्हणली, मीठ खालच्या फळीवर आहे.

संध्याकाळ
कोठी उघडली. कोठीत ज्वारी, तूरडाळ, गुळाच्या ढेपा अन उंदराच्या लेंड्या. एवढंच. मला वाटायचं काय असंल.
कंबर दुखत होती. तरी साठ जणींच्या पोळ्या एकटीनं केल्या. कणीक नेहमीसारखीच फुगली. तिला काही कळलं नाही. चष्मेवालीनं पाच खाल्ल्या.
जीप दिवेलागणीला आली. किल्ली परत दिली. केवळाबाईनं प्रसाद दिला, परळीचे साखरफुटाणे. खाऊन बघितले. गंजगोलाईचीच चव.
नागम्मा म्हणली, पुढच्या महिन्यात परत जीप करू, तुझ्यासाठी. तुला जमंल अशी तारीख सांग.
म्हणलं, अव्वा, तारीख माझ्या हातात थोडीच असती.